पावसाळ्यात धिंगरी मशरूम: एक पिशवी हिरवी पडली, दुसरीला नुसतेच देठ

मुलुंडची_माळीण
नमस्कार, मदत हवीये आणि जरा लवकर हवीये. जुलैच्या सुरुवातीला घरी पहिल्यांदाच धिंगरीच्या म्हणजे ऑयस्टर मशरूमच्या दोन पिशव्या भरल्या. भाताचा पेंढा नणंदेच्या गावाहून, कर्जतजवळून आणला, रात्रभर भिजवला, सकाळी वरून उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकला, निथळला, स्पॉन म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं मशरूमचं बियाणं घातलं आणि पिशव्या बाथरूमवरच्या माळ्यावर ठेवल्या कारण अंधार लागतो असं ऐकलं होतं. बाराव्या दिवशी एकीत तळाशी हिरवे ठिपके दिसले, आता पाव पिशवी हिरवी आहे. दुसरी छान पांढरीशुभ्र झाली, विसाव्या दिवशी तिथेच माळ्यावर कापली, पण तिला बोटभर लांब देठ आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी एवढंच आलंय. सासूबाई म्हणतात दोन्ही टाक, घरात लहान मूल आहे. माझ्या अगदी जिवावर आलंय. हिरवा भाग कापून बाकीचं वाचेल का?

भांडुपचा_पेंढा
ताई, हिरवी पिशवी वाचवायच्या भानगडीत पडू नका, ती ट्रायकोडर्मा बुरशी आहे आणि तुम्ही कापायला पिशवी उघडली की तिची पावडर घरभर उडणार, मग पुढच्या पिशव्यांनाही तीच लागणार. न उघडता दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारा आणि आजच घराबाहेर काढा.

चूक कुठे झाली ते तुमच्याच लिहिण्यात आहे. वरून पाणी ओतून दहा मिनिटं झाकलं तर मधला पेंढा कोमटच राहतो. मी जुन्या उशीच्या अभ्र्यात पेंढा दाबून भरतो, मोठ्या पातेल्यात बुडवतो, वर वरवंटा ठेवतो म्हणजे तरंगत नाही आणि 80 अंशाच्या आसपास पूर्ण एक तास ठेवतो. खळखळ उकळायचं नाही, वाफ निघत राहील इतपतच गॅस. नंतर निथळणं, आणि इथे घाई केलीत की पिशवी गेलीच. मूठभर पेंढा घट्ट पिळायचा, हात ओला झाला पाहिजे पण धार लागता कामा नये, फार तर एखादा थेंब. पावसाळ्यात पेंढा दोन तासांत सुकेल ही आशा सोडा, मी पंख्याखाली धुतलेल्या चादरीवर पसरतो. तुमची बुरशी तळाशीच आली ना, तिथे पाणी साचलं होतं. आणि पेंढा नवा, पिवळाधमक, पावसात न भिजलेला घ्यायचा, काळपट पडलेला फुकट मिळाला तरी नको. एक किलो सुक्या पेंढ्याला मी 100 ग्रॅम स्पॉन घालतो, गव्हाचे दाणे पूर्ण पांढरे दिसले तरच.

ग्रिलमधली_बाग
दुसरी पिशवी अजिबात टाकू नका!! तिला काही रोग नाही, तिचा जीव गुदमरतोय. मशरूमही आपल्यासारखंच कार्बन डायऑक्साइड सोडतं, बंद माळ्यावर तो साठून राहतो आणि मग टोपी धरत नाही, देठ मात्र हवा शोधत लांब होतात. अंधार फक्त पेंढ्यात बुरशीचं पांढरं जाळं पसरेपर्यंत. पांढरी झाली की उजेड हवा, ऊन नाही, खिडकीजवळ पेपर वाचता येईल एवढा. आलेले देठ पिळून काढून टाका, पिशवी खिडकीजवळ टांगा, दिवसातून दोनतीनदा बारीक फवारा मारा, थेट कोंबांवर धो धो नको. आपल्या मुंबईत पावसाळ्यात दमटपणा फुकट आहे, त्याची काळजीच नको, कमी पडते ती मोकळी हवा, आणि लोक ओल वाढवायला पिशवीवर अजून प्लास्टिक झाकतात. आठदहा दिवसांत दुसरा बहर येईल. कडा वर वळायच्या आधी घड मुळाशी धरून पिरगाळून काढा, एका पिशवीचे दोनतीन बहर निघतात.

दादर_पश्चिम
वरचं सगळं बरोबर, पण सासूबाईंचं म्हणणंही उडवून लावू नका. टोप्या जास्त पिकल्या की खाली पांढरी पूड पडते, ते स्पोअर, म्हणजे मशरूमची बारीक बीजं. बंद खोलीत त्यानं खोकला होतो, दमा असेल तर जास्तच. माझ्या भावाला त्रास झाला तेव्हा कळलं. मुलाच्या झोपायच्या खोलीत पिशवी नको, आणि तोडणी लवकर. शिवाय धिंगरीसारखी न दिसणारी काळी, पिवळी, बारीक भुईछत्री त्यात उगवली तर खायची नाही, ओळख पटल्याशिवाय काहीच नाही.

मुलुंडची_माळीण
हिरवी सकाळीच बाहेर काढली, वाईट वाटलं खूप. दुसरी आता किचनच्या खिडकीला टांगलीये, मुलाची खोली लांब आहे. माळ्यावर आता कधीच नाही. आमच्या आजीच्या हातचं पावसातल्या रानातल्या अळंबीचं कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं कालवण अजून जिभेवर आहे, श्रावणात मटणाऐवजी तेच असायचं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये पण करता येईल का? आणि बटण मशरूम?

भांडुपचा_पेंढा
बटण विसरा, त्याला धरायला 14 ते 18 अंश लागतं, एसीचं बिलच खाईल. धिंगरी 20 ते 30 अंशांत खूश, म्हणजे आपल्याकडे जुलै ते फेब्रुवारी. मेमध्ये गुलाबी धिंगरी तग धरते किंवा दुधी अळंबी, तिला 30 ते 35 अंश चालतं, पण पेंढ्यावर मातीचा थर द्यावा लागतो. स्पॉनसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी केंद्रात फोन करून विचारा, आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्याच्या आत वापरा. संपलेला पेंढा फेकू नका, कुंड्यांना झकास खत होतं, हिरवा पडलेला मात्र नाही.

मुलुंडची_माळीण
नऊ दिवस झाले. पिशवीवर मोहरीएवढे करडे दाणे आलेत, एका जागी घोळका. सासूबाई स्वतः सकाळी फवारा मारतायत.