सोसायटी ग्रुप: दहावीतल्या मुलांच्या हातात किल्ली

सेक्रेटरी: नमस्कार. काल वॉचमनने दहावीतल्या दोन मुलांना स्कूटर गेटबाहेर काढताना अडवलं, तर उलट त्यालाच बोलणी बसली. अठरा पूर्ण नसतील तर किल्ली देऊ नका, ही विनंती 🙏

बी-३०४: आमच्याबद्दलच आहे ना, मग नाव घेऊन लिहा. क्लास चौकापलीकडे आहे. रोज तोच गाडी घेऊन जातो, हेल्मेट घालून. आम्ही दोघं आठशिवाय घरी येत नाही. धरलंच तर पाचशे-हजार भरू.

ए-१०२, वकीलताई: दादा, पाचशे-हजारात नाही भागत हो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलंय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर दोषी धरतात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

बी-३०४: मला माहीत नव्हतं, त्याने परस्पर नेली, असं सांगितलं तर?

ए-१०२, वकीलताई: तुमच्या संमतीनेच नेली असं कोर्ट धरून चालतं. नव्हती, हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि आत्ताच तर ग्रुपवर लिहिलंत, 'रोज तोच घेऊन जातो' 😄

बी-३०४, आजोबा: स्कूटर माझ्या नावावर आहे. म्हणजे आत मी जायचं का?

ए-१०२, वकीलताई: काका, कायद्यात 'पालक किंवा मालक' आहे. तुमचं नाव आरसी बुकावर असेल तर तुम्हीही आलात.

सी-५०१: कल्याणीनगरचं विसरलात का? पुण्यात मे २०२४, अल्पवयीन मुलाच्या हातात पोर्श गाडी. दोन तरुण जीव गेले. सगळ्यांना जामिनाच्या अटीतला तो ३०० शब्दांचा निबंधच आठवतो. वडिलांना अटक झाली होती आणि पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, असं परिवहन खात्याने जाहीर केलं होतं.

बी-३०४: कुठे पोर्श, कुठे आमची सेकंडहँड स्कूटर!

सी-५०१: कलम तेच आहे ना पण.

डी-२०३: बॅटरीवाली घेऊन द्या की मग. तिला लायसन्स लागत नाही म्हणे.

ए-१०२, वकीलताई: सगळ्या बॅटरीवाल्यांना हे लागू नाही. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच. आपल्या पार्किंगमध्ये चार्जिंगला लागतात त्यातल्या बहुतेक याच्या वरच्या आहेत. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं तेही ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तशी नवी गाडी दुकानात मिळाली तर मलाही दाखवा.

डी-२०३: विषय निघालाच आहे म्हणून विचारते. भाच्याचं लायसन्स ३ महिने सस्पेंड झालंय, गाडी चालवताना मोबाइलवर बोलत होता. पण डिजिलॉकरमध्ये दिसतंय अजून. चालवू शकतो ना?

ए-१०२, वकीलताई: अजिबात नाही. त्या काळात लायसन्स नसल्यातच जमा. सापडला तर कलम १८२ खाली १०,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सस्पेंड करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपीलही करता येतं. तारीख बघायला सांगा त्याला.

एफ-१०१: 🌸 शुभ सकाळ. संयम हाच खरा दागिना 🌸

सी-५०१: आणि विम्याचं काय? लायसन्स नसलेल्याने कुणाला उडवलं तर कंपनी भरपाई देते का?

ए-१०२, वकीलताई: बऱ्याचदा कोर्ट कंपनीला आधी भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे तो पैसा शेवटी आजोबांच्या पेन्शनमधून.

बी-३०४, आजोबा: किल्ली आता माझ्या कपाटात. नातू रुसलाय.

बी-३०४: बाबा, हे ग्रुपवर नको.

ए-४०३: आमची मुलगी त्याच क्लासला जाते. साडेपाचची रिक्षा लावलीय, एक जागा आहे. निम्मे पैसे द्या.

बी-३०४: चालेल. रिक्षावाल्याचा नंबर पर्सनलवर टाका.