वाचनकट्टा ग्रुप : ‘आयर्नसाइड’ कोणत्या कप्प्यात ठेवायचं?

बी-२०३ काका : क्लबहाऊसच्या कपाटातून आमच्या नातीने ‘आयर्नसाइड’ नावाचं इंग्रजी पुस्तक आणलंय. पऱ्यांची गोष्ट म्हणाली. चाळून बघितलं तर राज्याभिषेक, कटकारस्थानं, मद्य पिऊन भान हरपलेली पोरगी. नात आठवीत आहे. हे लेकरांच्या कप्प्यात कसं काय?

सी-४०१ ताई : नमस्कार काका. पुण्याला बदली झालेल्या कुटुंबाने दिलेल्या पेटीतलं आहे ते. पेटी अजून लावायचीच होती, बरं झालं विषय काढलात. मी या मालिकेचे तिन्ही भाग वाचलेत. लेखिका हॉली ब्लॅक, अमेरिकेच्या. ‘टाइद’ २००२ ला आलं, ‘व्हॅलियंट’ २००५ ला आणि हा शेवटचा भाग २००७ ला. यातल्या पऱ्या पंखवाल्या गोड बाहुल्या नाहीत. त्या जमातीला ‘फे’ म्हणतात. देखणे, मानी आणि दुखावले तर जिवावर उठणारे. त्यांना खोटं बोलता येत नाही अन् लोखंड सोसत नाही. गाड्या, पूल, गज यांनी भरलेली माणसांची दुनिया त्यांच्या लेखी लोखंडाचा मुलूख. पुस्तकाचं नाव त्यावरूनच आहे.

ए-१०४ आजी : लोखंडाचं म्हणायलीस तर ऐक. माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी बाजेखाली विळा ठेवला होता. पाचवी पुजून झाली तरी कुणाला हलवू दिला नाही. बाहेरचं काही लेकराजवळ येऊ नये म्हणून.

सी-४०१ ताई : आजी, तिकडेही हेच! युरोपात पाळण्यावर उघडी कात्री टांगायचे. फे माणसाचं लेकरू उचलून नेतात आणि त्याच्या जागी आपलं ठेवून जातात, ही भीती. या गोष्टीतली नायिका केय अशीच बदललेली पोर आहे. हिरव्या कातडीची पिक्सी, म्हणजे फे जमातीतलीच एक, माणसाच्या रूपात वाढलेली. पहिल्या भागात तिला स्वतःबद्दल हे कळतं. तिसऱ्या भागात ती आईला सांगते. माझ्या मते सगळी मालिका त्या एका प्रसंगासाठी वाचावी. जिला आई म्हणत मोठी झाली, तिच्यासमोर उभं राहून म्हणायचं की तुझी मुलगी मी नाही, ती पळवली गेली. आई हादरते, भेदरते. मग केय त्याच लोकांच्या राज्यात परत जाते, आईची खरी लेक आणून द्यायला. आपली जागा जिच्यामुळे जाईल तिलाच शोधत निघायचं, याला काळीज लागतं.

ए-१०४ आजी : अगं बाई. वाढवलेलं लेकरू परकं कसं होईल?

डी-३०२ (इंजिनिअरिंगवाली) : ताई, पण केयच्या प्रियकराला, रॉयबेनला विसरलात का? तो फे लोकांच्या अनसीली, म्हणजे काळ्या बाजूच्या दरबाराचा राजा होतो, अभिषेकाच्या दिवशी केय सगळ्यांसमोर प्रेम जाहीर करते, आणि तो तिला कामगिरी देतो: खोटं बोलू शकणारा फे शोधून आण, तोवर मला भेटायचं नाही, बोलायचं नाही. मला तर खरा जीव त्यात वाटला.

सी-४०१ ताई : कोडं छानच आहे, उत्तर इथे फोडू नकोस. पण प्रेमकथा मला पहिल्या भागात जास्त भिडली. इथे रॉयबेन बराच वेळ तिच्यापासून दूरच असतो. त्यापेक्षा सिलारियल राणीचे डाव वाचावेत. ती म्हणे उजळ बाजूची, सीली दरबाराची. पण रॉयबेनचं सिंहासन बळकावायला केयला प्यादं करायला कचरत नाही. चांगला दरबार, वाईट दरबार अशी सोपी वाटणी लेखिकेने ठेवली नाही, हे मला फार आवडलं.

बी-५०२ दादा : दुसऱ्या भागात नायिका वेगळीच आहे ना? तो सोडून थेट तिसरा घेतला तर?

सी-४०१ ताई : नको रे. तिसऱ्यातला लुईस दुसऱ्यातूनच येतो. तो नुसता ओळखीपुरता राहिला की केयचा मित्र कॉर्नी आणि त्याच्यातलं काही पोचत नाही. कॉर्नीच्या हातांना शाप लागलेला असतो, ज्याला हात लावेल ते सुकून जातं. एवढी चीड त्याच्यात का साठली हे कळायला पहिला भाग हवा. त्याच्या बहिणीला पाण्यातला घोडा बुडवतो. केल्पी म्हणतात त्याला.

ए-१०४ आजी : आमच्या गावच्या बारवेवर साती आसरा होत्या. भर दुपारी एकट्याने तिकडे फिरकायचं नाही, अशी ताकीद असायची. खणा-नारळाने ओटी भरायचो. त्यांना वाईट म्हणायचं नाही, पण सलगीही करायची नाही.

सी-४०१ ताई : आजी, ही पुस्तकं वाचायला हाच भाव लागतो.

बी-२०३ काका : हे सगळं खरं. पण माझा प्रश्न तसाच आहे.

सी-४०१ ताई : तुमची काळजी रास्त आहे, काका. पहिल्या भागात सिगारेट, दारू आहे. दुसऱ्यात तर घर सोडलेली पोरं फे लोकांचं औषध सुईने टोचून घेतात, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत राहतात. त्यातून होणारी धूळधाण लेखिकेने लपवलेली नाही, पण आठवीच्या पोरीच्या हाती एकटीला देऊ नये. तिन्ही वरच्या कप्प्यात, सोळा वर्षांपुढच्यांसाठी ठेवू. काढून मात्र टाकायची नाहीत. चालेल?

बी-२०३ काका : चालेल. नातीला मी समजावतो. तिसरं उद्या आणून देतो. पहिलं कुणाकडे आहे? मलाच वाचायचंय.

डी-३०२ (इंजिनिअरिंगवाली) : माझ्याकडे, काका. शेवटची दोन प्रकरणं राहिलीत, रविवारी आणून देते.

ए-१०४ आजी : मला कुणीतरी ते आईचं प्रकरण मराठीत वाचून दाखवा गं.

सी-४०१ ताई : उद्या दुपारी येते, आजी.