अलीकडे पुन्हा वाचलेलं : बनगरवाडी

रानवारा
माणदेशात टँकर फिरू लागल्याची बातमी पाहिली आणि व्यंकटेश माडगूळकरांची धनगरवाडीवरची कादंबरी ‘बनगरवाडी’ पुन्हा काढली. १९५५ सालची, पण एक शब्द शिळा वाटत नाही. या वेळी जाणवली ती बांधणी. शेवटी दुष्काळात वाडी उठते, ते अचानक येत नाही. मेंढरं चाऱ्यामागं जाणार आणि माणसं मेंढरांमागं, हे पहिल्यापासून पेरलेलं आहे. वाडीच्या शाळेचा मास्तर तालीम बांधून घेतो ती दगडामातीची, एका जागी उभी राहणारी, आणि वाडी मात्र कायम चालत्या पायांवर. लेखक हे कुठेही बोलून दाखवत नाही. तुम्ही काय वाचलंत, लिहा. नुसतं ‘छान’ नको, काय छान तेही.

पानगळ
+१ शेकूची बायको औताला जुंपून घेते ते प्रकरण!! किती कमी शब्दांत.

वाडगं
तालमीवरून. वाडी औंध संस्थानातली. आटपाडीचा भाग औंधचाच, पण मुख्य मुलखापासून तुटलेला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते, त्यामुळे तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येणं त्या मुलखात अगदी शोभतं.

सांजवात
बोली अडते म्हणून पुस्तक खाली ठेवणाऱ्यांसाठी: निवेदन प्रमाण भाषेतच आहे, माणदेशी आहे ती बोलण्यात. संवाद मोठ्याने वाचा. ‘न्हाई’, ‘कंचा’ कानावर पडलं की लगेच कळतं. अडलेल्या शब्दाशी थांबू नका, पेन्सिलीने खूण करा आणि पुढे चला. छोटी छोटी वाक्यं आहेत, मध्येच थांबलं की लय जाते.

पानगळ
घोंगडं कसं विणतात हो? कुकर लावलाय, आल्यावर वाचते.

वाडगं
लोकर वर्षातून दोनदा कातरतात. सूत हातानं कातायचं, खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर विणायचं. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. खळ पातळ पडली की धागा मागावर पिंजतो आणि तुटतो. नवं घोंगडं ताठ लागतं ते या खळीमुळेच, वापरून मऊ होतं.

मोरपंखी
खळीवरून विचारते, जुन्या प्रतीची पानं सुटलीत, कडेला फाटलीत. सेलोटेप चालेल?

जुनीपानं
नको, नको!! त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, मग डाग निघत नाही. गव्हाचं सत्व १ भाग, पाणी ५-६ भाग, मंद आचेवर ढवळत राहा, पांढरेपणा जाऊन झिलई आली की उतरवा. गार झाल्यावर गाळून घ्या. पातळ जपानी टिश्यूची (लांब तंतूंचा चिवट कागद) पट्टी फाटीच्या दोन्ही बाजूंना ३-४ मिमी जास्त ठेवा, कात्रीने न कापता ओल्या ब्रशच्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेचे तंतू कागदात बसतात. खळ अगदी कमी, जास्त झाली की पान सुरकुततं. वर-खाली मेणकागद आणि रात्रभर वजन. बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकतात, ते टाळा, कागद लवकर ठिसूळ होतो.

मोरपंखी
धन्यवाद! आणि कसर?

जुनीपानं
प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं आणि बुरशी येते.

पानगळ
आले. अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ सिनेमा १९९५चा ना? कादंबरी आधी वाचा, मग तो बघा. आणि कुणीतरी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ कादंबरीवर लिहा की.