सह्यांनंतरचं विचारा

भारतातल्याच कंपन्यांशी गुंतवणुकीचे करार करायला राज्य सरकारनं स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेला कशाला जायचं, असं विचारलं जातं; प्रश्न रास्तच आहे. पण खरी मेख सह्यांनंतर असते. मे २०१५ मध्ये फडणवीस चीनला गेले, ऑगस्टमध्ये फॉक्सकॉन या तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी ५ अब्ज डॉलरचा सामंजस्य करार झाला. केवढी आशा लागली होती! जानेवारी २०२० मध्ये उद्योगमंत्री सुभाष देसाईंनी तो प्रकल्प होणार नसल्याचं सांगितलं.

याउलट चाकणचं फोक्सवॅगन. करार २००६ अखेरचा, कारखान्याचं उद्घाटन मार्च २००९ ला. मी तेव्हा तिथल्याच एका छोट्या वर्कशॉपात होतो. मोटारीच्या सुट्या भागांचं पहिलं ड्रॉइंग आलं, त्यातले टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बघून मालकांनी त्याच संध्याकाळी भोसरीहून बारीक मापं घ्यायला नवा मायक्रोमीटर आणला. अजून दोन पोरं कामाला लागली, ती वेगळीच.