मदत हवी आहे: टीमला एनसी स्टेटची डॉक्युमेंटरी पूर्ण दाखवू की फायनलवर थांबवू?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. इथल्या एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची प्रॅक्टिस मी घेते. लवकरच युनिव्हर्सिटीच्या मॅचेस आहेत आणि मुली आत्तापासूनच "मॅडम, त्यांच्या पोरी केवढ्या उंच आहेत" म्हणून खांदे पाडून बसल्यात. म्हणून रविवारी सगळ्यांना घरी बोलावून पोहे-जिलेबी आणि ईएसपीएनची २०१३ ची 'सर्व्हाइव्ह अँड ॲडव्हान्स' ही डॉक्युमेंटरी दाखवायची असं ठरवलंय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८३, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट (एनसी स्टेट) युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल टीम, कोच जिम व्हॅल्व्हानो. सीझनमध्ये दहा मॅच हरलेली टीम, मेन शूटर व्हिटनबर्गचा पाय मध्येच मोडलेला, तरी आधी कॉन्फरन्सची म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा जिंकली (मायकल जॉर्डनच्या टीमला हरवून!) आणि मग एनसीएए म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत पहिलीच मॅच डबल ओव्हरटाइम, पुढे दोन मॅच फक्त एकेका पॉइंटने, असं करत फायनलला पोचली. समोर ह्यूस्टन, त्यांच्याकडे ओलाजुवॉन आणि ड्रेक्सलरसारखे स्टार खेळाडू, सलग २६ मॅच जिंकून आलेले. शेवटी व्हिटनबर्गचा लांबून टाकलेला बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही, तो लोरेन्झो चार्ल्सने हवेतच पकडून आत घातला, ५४-५२.

पण तो डंक सगळ्यांना माहीत असतो, मला मुलींना त्याच्या आधीची मिनिटं दाखवायचीत. ह्यूस्टन ५२-४६ पुढे होतं, तेव्हा त्या स्पर्धेत शॉट क्लॉक (ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकायचं बंधन) नव्हता म्हणजे ते बॉल धरून वेळ काढू शकले असते, तर व्हॅल्व्हानोने मुद्दाम फाउल करायला लावून त्यांना फ्री थ्रो लाइनवर पाठवलं, कारण पहिला थ्रो चुकला तर दुसरा मिळायचाच नाही. आणि ते चुकले! आपल्याकडे शॉट क्लॉक २४ सेकंदांचा आहे, एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलला सरळ दोन थ्रो, म्हणजे ती युक्ती जशीच्या तशी चालणार नाही, पण उंची कमी असली तरी डोकं चालवून मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत नेता येते हे त्यांनी डोळ्यांनी बघावं असं मला फार वाटतं.

आता खरी अडचण. फिल्मचा बराच भाग व्हॅल्व्हानोच्या कॅन्सरबद्दल आहे, १९९३ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी ते गेले, आणि जुने खेळाडू एकत्र बसून आठवणी काढतात ते बघताना मला स्वतःला रडू आवरलं नव्हतं. आमच्या टीममधल्या एका मुलीच्या वडिलांची सध्या केमो चालू आहे. ती घरी कुणापुढे बोलत नाही, कोर्टवर मात्र सगळ्यात आधी येते. तिच्यासमोर हे लावायचं का? फायनलपर्यंत दाखवून बंद केली तर बाकीच्या मुली मोबाइलवर पुढचं बघणारच आणि तिला वाटेल की माझ्यामुळे थांबवली, ते मला जास्त वाईट वाटतं. तिला आधी एकटीला सांगावं असं मनात आहे, पण विषय कसा काढायचा, आणि तिच्या आईशी आधी बोलू का? वयाने ती मोठी आहे, तिचं तिला ठरवू द्यावं असंही वाटतं.

कुणी कोच, शिक्षक किंवा अशा घरातून गेलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. शनिवारी प्रॅक्टिसनंतर तिच्याशी बोलायचा विचार आहे, त्याच्या आधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.