शब्दचर्चा : ‘अंगठा लावणे’ म्हणजे नेमकं काय?

संगणक परिचालक : केवायसी असो की पैसे काढणे, गावात दोन्हीला ‘अंगठा लावा’ हाच शब्द. सरकारी कागदात ‘प्रमाणीकरण’ असतं, ते आजीबाईला काहून समजावं? सोपा शब्द सुचवा.

बँक मित्र : भाऊ, शब्द एक नाही, दोन पाहिजेत. प्रमाणीकरण म्हणजे एवढंच की ठसा त्याच आधार क्रमांकाचा आहे. ती झाली ओळख. पैसे काढणं ही परवानगी. पण आधारवरून पैसे काढताना बँकेचं नाव, आधार क्रमांक, रक्कम आणि ठसा एवढंच लागतं; पिनही नाही, ओटीपीही नाही. तिथे ओळख पटली की परवानगी दिल्यासारखीच होते. जुन्या काळी कागदावर अंगठा उठवताना वरचा मजकूर कुणीतरी वाचून दाखवायचा. आता तो मजकूर मोबाइलच्या स्क्रीनवर, आणि स्क्रीन चालवणाऱ्याकडे वळलेली. म्हणून ‘ओळखीचा अंगठा’ आणि ‘पैशाचा अंगठा’ म्हणा. बोट ठेवण्याआधी स्क्रीन पाहायला मागायचीच. रक्कम दिसली तर तो पैशाचा.

‘फेल’ हा शब्दही फसवा आहे. ‘ठसा जुळला नाही’ असं आलं तर पैसे गेलेले नसतात. मधेच रेंज गेली, ‘टाइम आउट’ आलं, तर खात्यातून वजा झालेले असू शकतात. पुन्हा बोट ठेवण्याआधी शिल्लक तपासा, पावती घ्या.

संगणक परिचालक : आणि ‘लॉक’?

सेतू केंद्र चालक : ‘खातं गोठवणं’ वेगळं, ते बँक करते. बायोमेट्रिक लॉक आपण स्वतः आधारच्या अधिकृत ॲपमधून करतो, आधारला मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे. याला ‘ठशाला कुलूप’ म्हणावं. कुलूप असताना ठसा, डोळा, चेहरा काहीच चालत नाही, ओटीपी चालतो. रेशनच्या मशीनवरही ठसा नाकारला जातो, म्हणून दुकानात पोचल्यावर तात्पुरतं उघडायचं, 10 मिनिटांनी ते आपोआप लागतं. फसवून पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

बँक मित्र : खरं तर ‘अंगठा’पेक्षा ‘ठसा’ बरा. आधारात दहाही बोटं नोंदवलेली असतात. कापूस वेचून अंगठा घासला म्हणून कितीतरी बाया परत जातात. त्यांना सांगा, करंगळीही चालते.