मदत हवी आहे: एमडी ड्रग सोडलेल्या भावाला ब्राह्मी-अश्वगंधा द्यावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. धाकटा भाऊ (वय २४) दीड वर्ष एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे उत्तेजक ड्रग घेत होता. पाच महिने झाले, पूर्ण बंद आहे. पण विसरभोळेपणा जात नाही. गॅसवर दूध ठेवतो आणि भांडं करपल्यावरच आठवतं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत: सकाळी एस्सिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरची गोळी), रात्री क्लोनाझेपाम (शांत करणारी, झोप आणणारी गोळी). यकृताची तपासणी नॉर्मल. आईने वाशीहून ब्राह्मी आणि अश्वगंधा अर्काच्या कॅप्सूल आणल्यात, अजून दिलेल्या नाहीत. अश्वगंधेने क्लोनाझेपामची गुंगी वाढू शकते, क्वचित यकृतालाही त्रास होतो, एवढं वाचलंय. ब्राह्मीचं तर नावापासूनच कोडं: डबीवर नुसतंच 'ब्राह्मी'. आपल्याकडे बाकोपा या वनस्पतीलाही ब्राह्मी म्हणतात आणि मंडूकपर्णी या वेगळ्या वनस्पतीलाही! उत्तेजक ड्रग्जपासून मेंदू वाचवण्याबद्दल मला सापडलेले प्रयोग बहुतेक उंदरांवरचे, तेही अर्क ड्रगच्या आधी किंवा सोबत दिलेले.

डॉक्टरांची पुढची वेळ तीन आठवड्यांनी आहे, त्यांना विचारल्याशिवाय काही सुरू करणार नाही. 'अमुक काढा द्या' नको, प्लीज. नुकसान होऊन गेल्यावर अर्क दिल्याचा माणसांवरचा एखादा अभ्यास कुणाला माहीत आहे का? आणि ठाणे-नवी मुंबईत चालू गोळ्या बघून सल्ला देणारे, व्यसनमुक्तीचा अनुभव असलेले आयुर्वेदाचे एमडी (हे एमडी वेगळे!) कुणी सुचवाल का?